फिक्सीवर वळताना बुटाचं टोक पुढच्या चाकाला लागतं, फ्रेम बदलावी का?

जळगाव_सिंगलस्पीड
फिक्सी, म्हणजे फ्रीव्हील नसलेली, चाकासोबत पेडल फिरतच राहणारी सायकल. ५२ साइजची स्टीलची फ्रेम, ७००×२८ टायर, १७० मिमीचे क्रँक (ज्यांच्या टोकाला पेडल असतं त्या भुजा), गिअर ४६×१६. टो-क्लिप (बुटाचं टोक धरणारे पिंजरे) आहेत आणि पुढे प्लॅस्टिकचं मडगार्ड. मेहरूण तलावाच्या रस्त्यावर यू-टर्न घेताना बुटाचं टोक मडगार्डला अडकतं. सरळ जाताना काहीच त्रास नाही. बॉटम ब्रॅकेटच्या (क्रँक ज्यावर फिरतात त्या बेअरिंगच्या) मध्यापासून पुढच्या अ‍ॅक्सलच्या मध्यापर्यंत ५७२ मिमी भरतात, पेडलच्या दांडीपासून बुटाच्या टोकापर्यंत १०५. दुकानदार म्हणतो एक साइज मोठी फ्रेम घ्या. खरंच लागेल का?

धुळे_फिक्स्ड
नाही लागणार. एका साइजने बहुतेक ५ ते १० मिमीच मिळतात, आणि हँडल मात्र हातापासून लांब जातं.

आधी फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा, बघा. खोक्यातून आलेल्या सायकलींवर चिमटा उलटा बसवलेला सर्रास सापडतो, कारण पॅकिंगसाठी हँडल फिरवलेलं असतं आणि जोडणारा ते तसंच आवळतो. ब्रेकचा कॅलिपर फोर्कच्या मागे आला असेल तर समजायचं. ४० मिमी रेकचा (रेक म्हणजे फोर्कचा पुढे झुकाव) फोर्क उलटा बसला की अ‍ॅक्सल जवळजवळ ८० मिमी मागे येतो. तुमचे ५७२ बघता तो सुलटाच असावा, नाहीतर ४९०च्या आसपास भरले असते. सायकल जुनी असेल तर डाउनट्यूबच्या (फ्रेमची खालची तिरकी नळी) खालच्या बाजूला, हेडट्यूबच्या (हँडलखालची नळी) लगेच मागे, बोट फिरवून बघा. तिथे रंगाला सुरकुती किंवा तडा असेल तर समोरून धडक बसून फ्रेम मागे दबली आहे. मग क्रँक-टायरचा हिशोब सोडा, ती फ्रेमच वापरू नका.

आता हिशोब. २८च्या टायरची त्रिज्या साधारण ३३९ (रिमचे ३११ अधिक टायरचे २८). ५७२ मधून १७० आणि ३३९ गेले, उरले ६३. मडगार्डने त्यातले १२ खाल्ले, ५१. बूट १०५ आणि क्लिपची पुढची पट्टी १५ धरली तर १२०. म्हणजे ६९ मिमी एकमेकांवर.

मडगार्ड काढलं, क्लिपऐवजी पायाच्या रुंदीवर आडवे येणारे पट्टे लावले (ते पुढे अजिबात येत नाहीत) आणि क्रँक १६५चे केले, तर ६८ विरुद्ध १०५, म्हणजे ३७. जवळपास निम्मं. यातला सगळ्यात स्वस्त भाग पट्टे आणि मडगार्ड. क्रँकचे ५ मिमी सगळ्यात महाग.

क्रँक घेतलेच तर चौकोनी टेपर (क्रँक बसतो त्या दांड्याचं निमुळतं टोक) जेआयएस मापाचं की आयएसओ ते विचारून घ्या. आयएसओ क्रँक जेआयएस दांड्यावर चार-साडेचार मिमी बाहेर बसतो आणि चेनलाइन (पुढच्या-मागच्या दातेरी चक्रांची सरळ रेष) बिघडते. फिक्सीला चेन तिरकी चालत नाही, आवाज करते आणि उतरली तर मागचं चाक जाम होऊ शकतं.

भुसावळ_१६५
क्लीट (बुटाच्या तळाला लावलेला, पेडलमध्ये अडकणारा तुकडा) वापरणाऱ्यांसाठी एक भर: क्लीट बुटाच्या टोकाकडे सरकवला की पाय मागे येतो, टाचेकडे सरकवला की पुढे जातो. लोक नेमकं उलट करतात. पण ३-४ मिमीच्या पुढे जाऊ नका, पोटरी आणि टाचेची शीर बोंबलते.

आणि भो, जास्त रेकचा फोर्क का नको? ४० ऐवजी ४५ टाकला की तेवढेच ५ मिमी मिळतात.

धुळे_फिक्स्ड
मिळतात, पण ७३ अंशांच्या हेडअँगलवर (हेडट्यूबचा तिरपा कोन) ट्रेल, म्हणजे स्टिअरिंगची रेष जमिनीला मिळते तिथून टायर टेकतो तिथपर्यंतचं अंतर, ६१ वरून ५६ मिमीवर येतो. हँडल हलकं, चटपटीत होतं. कुणाला आवडेलही, पण पाचच मिलिमीटरसाठी नवा फोर्क, हेडसेटचा क्राउन रेस काढणं-बसवणं, स्टिअरर कापणं, एवढा उपद्व्याप कशाला? ६५०चं लहान चाक तर नकोच. ५७१ मिमी व्यासाच्या रिमला २५ मिमी मिळतात, पण दोन्ही चाकं बदलली तर बॉटम ब्रॅकेटही तेवढाच खाली येतो. फिक्सीवर वळणात पेडल थांबवता येत नाही, आतलं पेडल डांबराला लागलं की मागचं चाक उचललं जातं.

चाळीसगाव_घाट
हे सगळं करूनही ३७ मिमी उरणारच आहेत, तेव्हा वळायची पद्धत बसवा. डावीकडे वळताना चाकाची मागची बाजू उजवीकडे येते. म्हणून धडक नेहमी बाहेरच्या पायाशी, तो पुढे असताना. टायर बुटाला भिडायला हँडल साधारण १५ ते २० अंश वळावं लागतं, म्हणजे तीन-साडेतीन मीटर त्रिज्येचं वळण. वेगात असताना हँडल दोन-तीन अंशांच्या पुढे जातच नाही, त्यामुळे हायवेवर किंवा लळिंग घाटात याची काळजी करू नका. धोका चालण्याच्या वेगाला आणि गर्दीत. फ्रीव्हीलवाला बाहेरचा पाय मागे ठेवून पेडल थांबवतो. फिक्सीवर पाय पेडलसोबत पुढे येतोच, बूट टायरला टेकला की हँडल हवं तेवढं वळत नाही, आणि पाय पट्ट्यात असल्याने खाली टेकवता येत नाही.

म्हणून हँडल एकदम वळवू नका. बाहेरचा पाय मागच्या अर्ध्या फेरीत असताना वळवा, तो पुढे येताना थोडं सरळ करा, परत मागे गेला की परत वळवा. रिकाम्या मैदानात दोन बाटल्या पाच मीटरवर ठेवून आठ काढा, आधी क्लिप आणि पट्टे न लावता.

ट्रॅकस्टँडला (पाय न टेकवता जागेवर तोल सांभाळणं) तर हा नियम आपोआप पाळला जातो, कारण चाक पुढच्या पायाच्याच बाजूला वळवतात. एक मात्र लक्षात ठेवा: परदेशी व्हिडिओंत डावा पाय पुढे आणि चाक डावीकडे दिसतं, कारण ते रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात आणि चाक चढाकडे वळवायचं असतं. आपल्याकडे डाव्या कडेला उतार असतो, म्हणून उजवा पाय पुढे, चाक उजवीकडे.

जळगाव_सिंगलस्पीड
फोर्क सुलटाच आहे, तपासला. पण पावसाळ्यात मडगार्डशिवाय कसं करायचं?

भुसावळ_१६५
मागचं ठेवा, पुढचं काढा. शेतरस्त्याची काळी माती टायर आणि मडगार्डच्या मधल्या फटीत इतकी गच्च बसते की चाकच फिरत नाही, फिक्सीला तर ते नकोच. चिखल उडू नये म्हणून डाउनट्यूबला खालून फायलीचं प्लॅस्टिकचं कव्हर झिप-टायने बांधा. ते चाकाच्या मागे राहतं, बुटाच्या वाटेत येत नाही. हँडल पूर्ण वळवून एकदा टायरला लागत नाही ना ते बघा, बस.