मदत हवी आहे: सावंतवाडीच्या लाखकामाच्या चौरंगाची दुरुस्ती

आत्याकडून सावंतवाडीचा रंगवलेला चौरंग आलाय. वर गंजिफाच्या (हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांच्या) धर्तीवर दशावतार, कडेला वेलबुट्टी. सावंतवाडीच्या राजमाता सत्त्वशीलादेवी भोसले स्वतः जुने कारागीर पुंडलिक चितारींकडून ही कला शिकल्या, राजवाड्यात कारागीर बसवले आणि १२० पानांच्या गंजिफाबरोबर असं फर्निचरही घडवून घेतलं. हा तिथलाच, असं आत्या म्हणते. चिठ्ठी, सही काही नाही.

कूर्म आणि वराह छान आहेत, पण नरसिंहाजवळ पापुद्रे सुटलेत, वरची लाख पिवळी पडलीय. इथला पॉलिशवाला म्हणतो, घासून मेलामाइन (चकचकीत सिंथेटिक पॉलिश) मारू. मारू म्हणे! रंगाखाली चिंचोक्याची खळ आणि खडूचा थर असेल तर ओलं फडकं चालेल का? सुटलेले पापुद्रे कशाने चिकटवावेत? राजवाड्यात दुरुस्तीला घेतात का? राजवाड्यातलं काम ओळखायचं कसं, हेही कुणी सांगेल का?