अरुंद दरीतील मुक्कामासाठी पाच वॅटचा संच पुरेल का?

दरीतला_श्रोता:
चार दिवसांच्या पायी भटकंतीत पाच वॅटचा एचएफ (लघुलहरींचा) हॅम रेडिओ संच सोबत नेण्याचा विचार आहे. मुक्काम एका खोल, अरुंद दरीत आहे. तेथे मोबाइलला रेंज नाही आणि दोन मीटर बँडवरील (दोन मीटर लहरलांबीच्या पट्ट्यातील) रिपीटर, म्हणजे संदेश पुढे पाठवणारे केंद्र, कड्यांच्या आड जात असल्यामुळे हातातल्या संचाचा उपयोग होणार नाही. रोज संध्याकाळी अंधार पडल्यावर दोन-तीनशे किलोमीटरच्या परिसरातील स्नेह्यांशी चाळीस मीटर बँडवर बोलता यावे, एवढीच अपेक्षा आहे. परवाना आहे, आणि घरी याच संचावर समाधानकारक संपर्क होतात. तरीही तीन बाजूंनी डोंगर असताना पाच वॅट कमी पडतील, त्यापेक्षा शंभर वॅटचा संच आणि मोठी बॅटरी न्यावी, असा सल्ला एका अनुभवी सहकाऱ्याने दिला आहे. वाढीव ओझ्याच्या मानाने त्याचा खरोखर लाभ होईल का?

तारेवरची_कसरत:
पाच आणि शंभर वॅट यांतील फरक १३ डेसिबलचा आहे, म्हणजे ऐकणाऱ्याच्या एस-मीटरवर (संदेशाची तीव्रता दाखवणाऱ्या मापकावर) दोन अंकांहून थोडा अधिक. तो नगण्य नाही. परंतु आपल्या बेतात खरी अडचण शक्तीची नसून वेळेची आहे, असे मला वाटते.

दोन-तीनशे किलोमीटरवर बोलायचे असेल, तर लहरी जवळजवळ सरळ वर जाऊन आयनांबरावरून (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित थरांवरून) परतल्या पाहिजेत. या मार्गात डोंगर आडवे येत नाहीत, त्यामुळे दरीची चिंता करण्याचे कारण नाही. शिवाय चाळीस मीटरचा डायपोल (मध्यभागी जोडलेला, दोन समान बाहूंचा तारेचा अँटेना) जमिनीपासून सहा मीटरवर टांगला, तर त्याचे प्रसारण आपोआप वरच्याच दिशेने होते. दूरच्या देशांसाठी जी उंची अपुरी म्हणून हिणवली जाते, तीच येथे उपयोगाची आहे. सहा मीटरची फायबरची दुमडती काठी, शेंड्याला मध्य आणि दोन्ही बाहू तिरपे खाली सोडलेले, एवढी मांडणी पुरते.

मात्र सूर्य मावळल्यावर आयनांबराच्या वरच्या एफ थराची क्रांतिक वारंवारता, म्हणजे सरळ वर गेलेली लहर तो ज्या कमाल वारंवारतेपर्यंत परत पाठवू शकतो ती, घसरू लागते. ती ७ मेगाहर्ट्झच्या बरीच खाली गेली की सरळ वर गेलेल्या लहरी परत न फिरता अवकाशात निघून जातात, आणि मग हजार किलोमीटरवरील केंद्र खणखणीत ऐकू येत असताना शेजारच्या जिल्ह्यातला मित्र पूर्णपणे नाहीसा होतो. अशा वेळी शंभर वॅट लावले तरी ते त्याच मार्गाने अवकाशातच जातील. म्हणून सूर्यास्तापूर्वी चाळीस मीटर आणि अंधार पडल्यावर ऐंशी मीटर, असे वेळापत्रक निघण्यापूर्वीच स्नेह्यांना कळवून ठेवावे. दिवसा ऐंशीचा फारसा उपयोग नाही, कारण खालचा डी थर त्या लहरी शोषून घेतो. रात्री तो थर विरतो.

दोन्ही बँडसाठी एकच तार चालते. ७.१ मेगाहर्ट्झसाठी प्रत्येक बाहू सुमारे १० मीटरचा घ्यावा, तेथे एक इन्सुलेटर व जोडणीची क्लिप ठेवावी, आणि पुढे आणखी तार जोडून ३.६ मेगाहर्ट्झसाठी बाहू सुमारे २० मीटरचा करावा. तार किंचित लांब कापून, प्रथम चाळीस आणि मग ऐंशी, या क्रमाने जुळवावी. टोक मागे दुमडून पिळून ठेवले की एसडब्ल्यूआर मीटर (तार संचाशी किती जुळली आहे हे दाखवणारा मापक) पाहत हवे तसे कमी-जास्त करता येते.

मोर्सवेडा:
वरील उत्तराशी सहमत आहे. विजेचा हिशेब मात्र कोणी मांडला नाही, आणि माझ्या मते निर्णय त्यावरच व्हावा. लहान संच ऐकताना साधारण ०.४ अँपिअर घेतो आणि बोलताना सुमारे २. रोज तीन तास ऐकणे आणि एक तास बोलणे धरले, तर ३.२ अँपिअर-तास, म्हणजे चार दिवसांचे जेमतेम १३ होतात. १५ अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी दोन किलोच्या आसपास भरते. शंभर वॅटचा संच नुसते ऐकायलाच एक अँपिअरच्या आसपास घेतो आणि पूर्ण शक्तीवर २० अँपिअरपर्यंत जातो. मोर्स (टिंब-रेघांची संदेशलिपी, जी क्षीण संकेतावरही कळते) येत असेल तर पाच वॅटची कुरकुर करण्याचे कारणच उरत नाही, पण तो माझा पक्षपात समजावा.

सौर पॅनेल नेणार असाल तर त्याचा चार्ज कंट्रोलर (बॅटरीचे चार्जिंग सांभाळणारे उपकरण) घरीच संचाजवळ चालवून पाहावा. कित्येक कंट्रोलर एचएफवर इतकी घरघर करतात की ऐकताना ते बंद ठेवावे लागतात.

दरीतला_श्रोता:
दोघांचेही आभार. शंभर वॅटचा विचार सोडला आहे. एक शंका राहते: सपाट जागा कमी असल्यामुळे ऐंशीचा डायपोल सरळ पसरता येईल, असे वाटत नाही. त्याऐवजी एका टोकाकडून जोडायची अर्धलहर तार कशी?

तारेवरची_कसरत:
चालेल. तिला ४९:१ चा ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि ऐंशीसाठी तारेची एकूण लांबी तेवढीच, म्हणजे ४० मीटरच राहते. फक्त काठी मध्यभागी असण्याचे बंधन सुटते. परंतु डायपोल सरळच हवा असे नाही. शेवटचे काही मीटर उताराच्या दिशेने वळवले तरी थोड्या जुळवणीने काम भागते. टोके डोक्याच्या वर ठेवावीत, कारण प्रसारण चालू असताना तेथे सर्वाधिक व्होल्टेज असते, आणि ताणाच्या दोऱ्यांना पांढऱ्या चिंध्या बांधाव्यात, म्हणजे रात्री तंबूबाहेर पडणारा कोणी त्यांत अडकणार नाही. गडगडाट ऐकू आला की कोएक्स (अँटेनापासून संचापर्यंतची केबल) संचापासून सोडवून तंबूबाहेर ठेवावी. ढग डोक्यावर आल्यावर काठी उतरवायला जाऊ नये.

मोर्सवेडा:
आणखी एक सांगणे आवश्यक वाटते. ठरलेल्या वेळी संपर्क झाला नाही तर स्नेह्यांनी काय समजावे, हे आधीच ठरवावे. आयनांबर एखाद्या संध्याकाळी बिघडले म्हणून कोणी शोधपथक बोलावू नये. सुटकेसाठी मात्र या संचावर विसंबू नये. पाय मोडलेला माणूस चाळीस मीटर तार पसरू शकत नाही. त्यासाठी ४०६ मेगाहर्ट्झचा नोंदणी केलेला वैयक्तिक बीकन (उपग्रहामार्फत संकटसंदेश पाठवणारे छोटे यंत्र) अंगावरच्या खिशात असावा, पिशवीत नव्हे.