आजीच्या महिन्याच्या मिस्साला मांजरांबद्दल बोललं तर चालतं का? आणि हे चित्र कोणाचं?

चरईवाला
मंडळी, आमची आजी गेली, ८७ ची होती. येत्या रविवारी ठाण्यात तलावपाळीच्या सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्चला तिच्या महिन्याची मिस्सा (माणूस जाऊन महिना झाला की चर्चमध्ये होते ती प्रार्थना) आहे आणि दोन शब्द बोलायचं काम सगळ्यांनी माझ्या गळ्यात मारलंय, का तर म्हणे तू तिचा लाडका. लाडका कसला, लाडकी ती एक डोळा गेलेली मांजर होती.

काका म्हणतो देवाचं आणि घरच्यांचं बोल, कुत्र्यामांजरांचं चर्चमध्ये काढू नको. पण वेगळं कसं करू तेच कळत नाहीये. रोज सकाळच्या मिस्साला चालत जायची, एका हातात जपमाळ, दुसऱ्या हातात भाताचा डबा, मिस्सा सुटली की तशीच जांभळी नाक्याच्या मार्केटात, तिथे एक कोळीण तिच्यासाठी माशांची डोकी-काटे पिशवीत बाजूला काढून ठेवायची. आम्ही म्हणायचो आजी जरा बस, चहा घे, तर म्हणायची "माझी माणसं थांबलीत". लहानपणी मला वाटायचं माणसं म्हणजे आम्ही 😅

उपवासकाळात चाळीस दिवस मटण-मासळी तोंडात नाही घ्यायची पण मांजरांचे बोंबील चालूच. विचारलं तर "उपास माझा, त्यांचा नाही". ख्रिसमसला फुगे (मैद्याचे तळलेले गोळे) तळायला बसली की पहिला घाणा आम्हा नातवंडांना आणि दुसरा गेटवर, मोठी माणसं नंतर. रात्री रोजरीला, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेला, मांडीवर मांजर, ती मण्यांना पंजा मारणार, मग दहाच्या जागी कधी बारा नमो मरिया, आणि आम्ही एक जरी खाल्ली तरी हिला बरोबर कळायचं.

दुसरं म्हणजे तिच्या प्रार्थनेच्या पुस्तकात एक चित्र मिळालं. काळासावळा माणूस, पांढरा झगा, वर काळं, हातात झाडू, पायाशी कुत्रा, मांजर आणि उंदीर एकाच ताटलीत खातायत. मागे नाव वगैरे काही नाही, नुसता हळदीचा डाग. आजी त्याला "झाडूवाला बाबा" म्हणायची. असिसीचे संत फ्रान्सिस तर नाहीत ना हे?

वाशीची सून
नाही नाही, फ्रान्सिस नाही. हे संत मार्टिन दे पोरेस, पेरू देशातल्या लिमा शहरातले, १५७९ ते १६३९. बाप स्पॅनिश, आई गुलामगिरीतून सुटलेली काळी बाई. डॉमिनिकन संघाच्या मठात झाडलोट, न्हावीकाम, आजाऱ्यांची सेवा हेच काम, म्हणून हातात झाडू. गोष्ट अशी सांगतात की मठातले कपडे उंदीर कुरतडायचे तर यांनी विष घालू दिलं नाही, उंदरांना म्हणाले बागेत चला, रोज खायला मी देतो. जखमी कुत्रीमांजरं बहिणीच्या घरी नेऊन ठेवायचे (बहिणीला काय वाटत असेल देव जाणे). संतपद १९६२ मध्ये मिळालं. सण ३ नोव्हेंबरला, म्हणजे २ तारखेला आपण कबरीवर मेणबत्त्या लावतो ना त्याच्या दुसऱ्याच दिवशी. काकांना हे चित्र दाखव, पुढे काही बोलायची गरज नाही पडणार.

बॉटल मसाला
बिनधास्त बोल. फक्त फादरना आधी सांगून ठेव, बहुतेक ठिकाणी कम्युनियन (मिस्सातला प्रसाद) झाल्यावर शेवटी वेळ देतात, तीन मिनिटं धर, आणि कागदावर लिहून ने, तोंडपाठच्या भानगडीत पडू नको, तिथे उभं राहिलं की घसा दाटतो. आमच्यात एका मामाने जन्मापासून सुरुवात केली, शाळेपर्यंत पोचेस्तोवर पोरं रडायला लागली. "उपास माझा, त्यांचा नाही" इथूनच सुरू कर.

कोपरीकर
मी ख्रिश्चन नाही. पण आमच्याकडे पितृपक्षात कावळ्याचं पान आधी, घरच्यांची पानं नंतर, त्यामुळे तुमच्या आजीचं वागणं मला तरी सरळ कळलं. भाषण होईल हो. महिनाभर तो डबा कोण नेतंय ते सांगा आधी.

चरईवाला
@वाशीची सून खूप थँक्यू, काकाला फोटो पाठवला, उत्तर आलं "उंदराचं तेवढं नको बोलूस". म्हणजे बाकी सगळं चालेल 😂

@कोपरीकर काका, तुम्ही बरोबर जागी धरलंत. कोणीच नेत नव्हतं, म्हणजे पहिले आठ-दहा दिवस आई गेली, मग तिचे गुडघे. म्हणून आज सकाळी मी डबा घेऊन मार्केटला गेलो, म्हटलं कोळणीला आजीचं सांगायला पण हवं. तिला आधीच कळलेलं. म्हणाली, पिशवी रोज बांधतेच आहे, तुमच्याकडून कोणी दिसेना म्हणून माझा पोरगाच जाऊन टाकून येतो, उद्यापासून तू ये. आणि मग जरा थांबून विचारलं, रविवारी किती वाजता आहे, आमच्यासारख्यांना आत बसू देतात का.

म्हटलं मावशी, आमच्याच बाकावर बसा.