टाकी वाहतेय, पण पंप बंद कोणी करायचा?

तिसरा मजला: रविवारी सकाळी आमच्या सोसायटीची वरची टाकी भरून वाहत होती. जिन्याच्या भिंतीवरून ओघळ, पार्किंगमध्ये तळं. पंपाचं बटण मीटररूममध्ये, दार सताड उघडं. व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र मेसेजवर मेसेज: "वॉचमन कुठाय?", "सेक्रेटरींना कळवा." एका महाशयांनी व्हिडिओ टाकला, तोही मीटररूमच्या दारात उभं राहून काढलेला! मेंटेनन्स भरला म्हणजे बटणाला हात लावायचा नाही, असं कुठे लिहिलंय? मला तरी हा निव्वळ आळस वाटतो.

माजी सेक्रेटरी: एकदा बटण दाबून बघा. पुढच्या वेळी फोन थेट तुम्हालाच. मी कमिटीत नसताना जिन्यातला एक बल्ब बदलला, तर वर्षभर लोक बेल वाजवून सांगायचे, "काका, बल्ब गेलाय." आणि पंप जळाला तर "शेवटी हात कोणी लावला?" हे त्याच ग्रुपवर विचारतील.

तिसरा मजला: "वॉचमन नव्हता, मी बंद केला" एवढं ग्रुपवर टाकायचं. विषय संपला.

परळकर: इतकं सोपं नसतं हो. २९ ऑगस्ट २०१७ चा मुंबईतला पाऊस आठवा. पाणी ओसरावं म्हणून एल्फिन्स्टन रोड भागात रहिवाशांनी मॅनहोलचं झाकण काढलं. हेतू चांगलाच होता. पोटविकारतज्ज्ञ डॉ. दीपक अमरापूरकर त्यात पडले आणि जीव गमावून बसले. झाकण काढल्याबद्दल पुढे चौघांना अटक झाली. ज्याचं काम त्यानेच करावं, हे मी उगाच म्हणत नाही.

सुगरण नसलेली: परळकर, पंप बंद करून कोणाचा जीव जातो? गटाराचं झाकण काढायला माहिती लागते, बटण खाली करायला नाही. दोन्ही एका मापाने मोजू नका. शिवाय उघड्या मॅनहोलपाशी लोकांना सावध करत उभं राहणं हेही कोणाच्याच ड्युटीत बसत नाही. तेही करायचं नाही का मग?

माजी सेक्रेटरी: तरी भीती खरी आहे, ताई. जखमीला दवाखान्यात नेणाऱ्याच्या मागे झंझट लागू नये म्हणून २०१९ च्या दुरुस्तीत मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ घालावं लागलं. लोक उगीच बिचकत असते तर कायदा कशाला लागला असता?

सुगरण नसलेली: ते रस्त्यावरच्या अपघाताचं. टाकीसाठी कोणता पोलीस येणार आहे? बरं, तिसरा मजला, तुमच्याकडे टाकी भरल्यावर पंप आपोआप बंद करणारं सेन्सर नाही का?

तिसरा मजला: आहे की. बिघडलंय. मेकॅनिकला बोलवायचं कोणी, यावर ए विंग आणि बी विंगचं अजून ठरतंय.