मिठाने फोडींना पाणी सुटते, मग जुलाबात मीठ-साखरेचे पाणी का देतात?

पाटीपेन्सिल (जिंतूर):
नमस्कार. मी जिंतूर तालुक्यातील एका शाळेत आठवीला विज्ञान शिकवतो. परासरण (पातळ द्रावणातून दाट द्रावणाकडे पटलातून पाणी झिरपणे) दाखवण्यासाठी मी बटाट्याच्या सारख्या जाडीच्या चकत्या केल्या आणि काही साध्या पाण्यात, तर काही मिठाच्या दाट पाण्यात ठेवल्या. तासाभराने साध्या पाण्यातली चकती वाकवताच कडकन मोडली आणि मिठातली चामड्यासारखी दुमडली. कैरीच्या फोडींना मीठ लावले की परातीत पाणी सुटते ते याच कारणाने, हे मी सांगण्याआधीच मुलांच्या लक्षात आले. परंतु मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, ‘‘सर, मीठ पाणी बाहेर ओढतंय, तर माझ्या भावाला जुलाब झाल्यावर आशाताईनं मीठ-साखरेचं पाणी कामून दिलं?’’ ‘प्रमाण कमी असते’ एवढे सांगून मी वेळ मारून नेली. साखर कशासाठी, ते मात्र सांगता आले नाही. ती केवळ चवीसाठी असते काय?

बालाघाट (अंबाजोगाई):
सर, आपले उत्तर चूक नाही, अर्धे आहे. रक्ताची परासारिता, म्हणजे त्यात विरघळलेल्या कणांचे प्रमाण, लिटरला सुमारे 290 मिलिऑस्मोल असते आणि जागतिक आरोग्य संघटनेने 2002 पासून शिफारस केलेल्या ओआरएसची (जुलाबात देण्याच्या, पाकिटातल्या क्षार-साखरेच्या पाण्याची) 245. म्हणजे हे पाणी रक्तापेक्षा पातळ असते. लोणच्याच्या खाराशी त्याची तुलना होऊ शकत नाही.

खरी गंमत साखरेत आहे. पेशीपटल हा मेदाच्या रेणूंचा दुहेरी थर असतो. मिठातील सोडिअमच्या आयनावर विद्युतप्रभार असल्यामुळे तो या थरातून जाऊ शकत नाही, आणि ग्लुकोजचा रेणू मोठा व पाण्याशी सलगी करणारा असल्यामुळे त्यालाही तेथे वाट मिळत नाही. लहान आतड्याच्या अस्तरातील पेशींवर या दोघांसाठी मिळून एक वाहक प्रथिन असते. ते सोडिअमचे दोन आयन आणि ग्लुकोजचा एक रेणू एकत्र आत घेते. नुसते मीठ दिले तर हे दार जवळजवळ बंदच राहते. या जोडीची कल्पना जीवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी 1960 मध्ये मांडली.

आता सोडिअम आत का शिरते? पेशीच्या रक्ताकडील बाजूस असलेला पंप एटीपीचा (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या पदार्थाचा) एक रेणू खर्चून सोडिअमचे तीन आयन बाहेर टाकतो आणि पोटॅशिअमचे दोन आत घेतो. त्यामुळे पेशीत सोडिअमचा कायम तुटवडा असतो. आतड्यातील सोडिअम त्या उताराने आत येते आणि येताना ग्लुकोजला बरोबर आणते. दोघेही पुढे रक्ताकडे गेले की पाणी त्यांच्या मागोमाग जाते. कॉलऱ्याचे विष पेशींतून क्लोराइड बाहेर सोडायला लावते आणि त्यामागे पाणी वाहते, पण सोडिअम-ग्लुकोजचे हे जोडीचे दार त्या विषाने बिघडत नाही. 1971 मध्ये पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ असताना सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोजचे पाणी पाजले आणि तेथील मृत्युप्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्या खाली आले.

मांजराकाठ (लातूर):
डॉक्टरसाहेब, मागील उन्हाळ्यात आमच्या लहान्याला जुलाब झाले तेव्हा तो पाणी पीत नव्हता, म्हणून मी त्यात साखर जरा सढळ हाताने टाकली आणि जुलाब वाढले. या दोहोंचा संबंध असू शकतो का?

बालाघाट:
असू शकतो. वाहक प्रथिनाला जेवढी पेलते त्याहून अधिक साखर आतड्यातच उरते आणि ती उलट रक्तातील पाणी आतड्यात ओढते. म्हणजे त्या मुलीची शंका येथे अक्षरशः खरी ठरते. बाटलीबंद गोड पेये जुलाबात देऊ नयेत, ते याच कारणाने.

काळी रेगूर (परभणी):
मी वनस्पतिशास्त्राचा माणूस, म्हणून सरांच्या चकतीविषयी थोडेसे. मिठाच्या पाण्यात बटाट्याची पेशीभित्तिका फारशी आकसत नाही. आतले पेशीपटल भित्तिकेपासून सुटून मागे सरते आणि आतून रेटणारा पाण्याचा दाब जातो. यालाच रससंकोच म्हणतात. शाळेत सूक्ष्मदर्शक असेल तर लाल कांद्याच्या पापुद्र्यावर मिठाच्या पाण्याचा थेंब टाकून पाहावा. रंगीत गोळा भित्तिकेपासून दूर जाताना मुलांना स्वच्छ दिसेल. कोरड्या जमिनीत कपाशीच्या बुडाशी मूठभर युरिया पडला की पानांच्या कडा करपतात, तोही याच जातीचा प्रकार आहे.

दुसरे असे की, पाणी मेदाच्या थरातून झिरपते खरे, पण सावकाश. त्याच्या वेगवान वाटा म्हणजे ॲक्वापोरिन ही प्रथिने. पीटर ॲग्रे यांच्या चमूने 1992 मध्ये बेडकाच्या अंड्यांत हे प्रथिन तयार करवले. पातळ द्रावणात टाकताच ती अंडी फुगून फुटली आणि प्रथिन नसलेली तशीच राहिली. ॲग्रे यांना 2003 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. मुळांच्या पेशींत मात्र सोडिअमऐवजी हायड्रोजन आयनांचा पंप असतो आणि नायट्रेट त्याच्या जोडीने आत येते. युक्ती तीच आहे, जोडीदार तेवढा बदललेला आहे.

पाटीपेन्सिल:
सर्वांचा आभारी आहे. सोमवारी कांदा घेऊन वर्गात जाईन. एक शंका उरली आहे: घरची साखर ग्लुकोज नसते, मग घरच्या पाण्याचे काय?

बालाघाट:
घरच्या साखरेच्या प्रत्येक रेणूचे आतड्यात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन तुकडे होतात, त्यामुळे काम भागते. तरी पाकीट मिळत असेल तर पाकीटच वापरावे. ते नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे. चमचे सपाट हवेत. वर आलेली शीग बोटाने काढून टाकायला त्या मुलीला आवर्जून सांगा.