ड्रमरच्या नावावर रेकॉर्ड, पण ड्रमचा सोलोच नाही? (इद्रिस मुहम्मद, 'पॉवर ऑफ सोल', १९७४)

कॅम्पातला_श्रोता
नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात इथं बेळगावात कॅम्पातल्या एका जुन्या बंगल्यातलं सामान विकायला काढलं होतं, आजोबा मर्चंट नेव्हीत होते, पोरं सगळी बाहेरगावी, त्यामुळं एलपींचा अख्खा खोका मला मिळाला. वरवर सगळं नेहमीचंच इंग्रजी गाण्यांचं होतं, पण तळाशी एका कव्हरवर इद्रिस मुहम्मद असं नाव दिसलं आणि मी कव्वाली समजून तीच पहिली लावली. कव्वाली नाहीच. बेस गिटार, सॅक्सोफोन, ट्रंपेट, इलेक्ट्रिक पियानो, आणि खाली ड्रम असा काय चाललाय की पाय थांबत नाही. दोन्ही बाजू मिळून चारच गाणी आहेत. शेवटचं 'लोरान्स डान्स' तर मी रोज रात्री जेवण झालं की लावतो, सुरुवातीला तो पियानो काचेच्या भांड्यात पाणी हलावं तसा वाजतो आणि मग हळूच बेस आत येतो.

आता प्रश्न. कव्हर वाचल्यावर कळलं की इद्रिस मुहम्मद हा ड्रमर आहे. म्हणजे रेकॉर्ड ड्रमरची, पण तबल्याच्या सोलोसारखं बाकीचे गप्प आणि हा एकटा वाजवतोय असं मला कुठंच ऐकू आलं नाही. पुढं सगळीकडं सॅक्सोफोन आणि गिटार. मग याच्या नावावर रेकॉर्ड का? आणि हा माणूस कोण? आमच्या घरात आजपर्यंत नाट्यसंगीत आणि अभंगाच्या पलीकडं काही वाजलेलं नाही, तेव्हा जरा सोपं करून सांगा.

दुसरं म्हणजे रेकॉर्डवर पांढरट बुरशीचे ठिपके आहेत, ते कसे काढायचे?

सुई_आणि_खाच
दादा, तुमच्या हाताला काय लागलंय ते आधी समजून घ्या. हा माणूस न्यू ऑर्लिन्सचा, जन्म १९३९, मूळ नाव लिओ मॉरिस. साठच्या दशकात इस्लाम स्वीकारला आणि इद्रिस मुहम्मद झाला. १९६७ ला सॅक्सोफोनवाल्या लू डोनाल्डसनची 'अ‍ॅलिगेटर बोगलू' ब्लू नोट कंपनीनं काढली त्यावर ड्रम यानंच वाजवलाय, कव्हरवर नाव मात्र लिओ मॉरिस. त्याच रेकॉर्डवर ऑर्गनला लॉनी स्मिथ आणि गिटारला पोरसवदा जॉर्ज बेन्सन. त्यानंतर प्रेस्टिज कंपनीच्या सोल-जॅझ रेकॉर्डी (सोल म्हणजे तिकडच्या काळ्या लोकांचं चर्चच्या गाण्यातनं आलेलं संगीत, त्या वळणाचं जॅझ) काढून बघा, चार्ल्स अर्लंड घ्या, मेल्विन स्पार्क्स घ्या, ड्रमला हाच सापडतो. २०१४ ला वारला.

तुमची रेकॉर्ड 'कुडू' लेबलची आहे. क्रीड टेलर नावाच्या निर्मात्याची सीटीआय कंपनी होती, तिचंच हे लेबल, सोल आणि फंककडं (म्हणजे ठेक्यावर चालणाऱ्या नाचऱ्या संगीताकडं) झुकणाऱ्या जॅझसाठी काढलेलं. सगळी मांडणी बॉब जेम्सची आणि तो पाणी हलल्यासारखा पियानोही त्याचाच. त्याला फेंडर ऱ्होड्स म्हणतात, त्यात तारा नसतात, पट्टी दाबली की छोटा हातोडा धातूच्या बारीक काडीवर बसतो आणि तिचा आवाज पिकअप, म्हणजे माईकसारखं काम करणारं चुंबक, उचलतो. जलतरंगाची आठवण होते ती त्यामुळंच. सॅक्सोफोन ग्रोव्हर वॉशिंग्टन ज्युनिअर, 'लोरान्स डान्स' ही चालही त्याचीच. ट्रंपेट रँडी ब्रेकर, गिटार जो बेक, बेस गॅरी किंग. पहिलं गाणं गिटारवाल्या जिमी हेंड्रिक्सचं, पण मूळ गाण्यात गिटार अंगावर येते आणि इथं तेच गाणं ऐसपैस बसून वाजवल्यासारखं आहे, मला तर हेच जास्त आवडतं.

एक करा, रेकॉर्ड उजेडात तिरकी धरून लेबलच्या भोवतीच्या गुळगुळीत पट्ट्यात बघा, तिथं व्हॅन गेल्डर असा शिक्का दिसतो का. रुडी व्हॅन गेल्डर हा न्यू जर्सीतला रेकॉर्डिस्ट, दिवसा चष्म्याचे नंबर काढायचा आणि संध्याकाळी आईवडिलांच्या दिवाणखान्यात जॅझवाल्यांचं रेकॉर्डिंग करायचा. १९५९ ला इंगलवुड क्लिफ्सला स्वतःचा स्टुडिओ बांधला, उंच लाकडी छताचा. ही रेकॉर्ड तिथलीच.

शहापूरची_तबलेवाली
सोलो का नाही या प्रश्नावर लिहिल्याशिवाय राहवत नाही. मी पंधरा वर्षं साथ करतेय, भजनाला, नाट्यसंगीताला, पेटी सोलोला पण. ज्या गावात रामभाऊ विजापुऱ्यांची पेटी वाजली त्या गावात तरी साथीला दुय्यम म्हणू नये. ठेका धरणं हेच मुळात अवघड काम आहे. तुकडे, तिहाया पाठ करता येतात, पण वीस मिनिटं एकच केरवा धरायचा आणि तो शिळा होऊ द्यायचा नाही यात कस लागतो. केरव्याच्या धागेनति नकधिनमध्ये लिहिलेले बोल आठच, पण त्यांच्या मधल्या जागेत बोटं जे पुटपुटतात त्यावर ठेका झुलतो.

हेडफोन लावून इद्रिसचा डावा हात ऐका. मोठे ठोके सगळ्यांनाच ऐकू येतात, पण त्यांच्या मध्ये स्नेअरवर, म्हणजे काठीनं वाजवायच्या छोट्या चपट्या ड्रमवर, अगदी हलके हलके स्पर्श चाललेले असतात, जाणवतात न जाणवतात एवढेच. ते काढून टाकले तर सगळं गाणं कवायत होईल. सॅक्सोफोनवाला वर मनात येईल तसा फिरतोय तो खाली हे अंथरलंय म्हणून. म्हणून रेकॉर्ड त्याच्या नावावर आहे दादा, आणि ते बरोबरच आहे.

आणखी एक, आपल्याला पहिल्यांदा ऐकताना हे जरा उलटं वाटतं कारण आपण टाळी समेवर देतो आणि त्यांच्या चार मात्रांत टाळी दुसऱ्या आणि चौथ्यावर पडते. पण फंकमध्ये पहिल्या मात्रेवरही पुन्हा वजन आलं, फंकचा गायक जेम्स ब्राउन तर वादकांकडून 'वन' वर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, जोर मागायचा. ती समच झाली की. एकदा पहिली मात्रा पकडली की मग ही माणसं परकी वाटत नाहीत.

निपाणीचा_हलगीवाला
ताई एकदम बरोबर. मी रात्रीपासून हेच ऐकालोय. न्यू ऑर्लिन्सला मयताला बँड असतोय, जाताना संथ वाजवत जातात आणि परत येताना जोरात, मागनं लोक नाचत येतात त्याला सेकंड लाइन म्हणतात. हा गडी त्या रस्त्यावरच्या वाजवण्यातच वाढलेला. आमच्याकडं हलगी वर कडाकडा बोलती आणि घुमकं खाली तिला उत्तर देतंय, तसंच याच्या पायातला मोठा ड्रम आणि हातातला स्नेअर बोलालेत बगा, फरक एवढाच की आम्हाला त्याला दोन माणसं लागतात. मिरवणुकीत चालता चालता वाजवणाऱ्याला एक कळतंय, आपण थांबलो तर मागची सगळी थांबतात. या रेकॉर्डवर तसंच वाटालंय मला, स्टुडिओत बसून वाजवतोय तरी चालतोयच.

खानापूर_रोड
माझे वडील कॅम्पात मराठा रेजिमेंटच्या बँडात क्लॅरिनेट वाजवायचे, म्हणून एक भर घालतो. ग्रोव्हर वॉशिंग्टनसुद्धा अमेरिकन लष्कराच्या बँडात होता, तिथंच त्याची ड्रमर बिली कॉबमशी ओळख झाली आणि कॉबममुळं न्यूयॉर्कच्या वादकांत शिरकाव झाला. १९७१ ला कुडूच्या एका रेकॉर्डिंगला ठरलेला सॅक्सोफोनवाला हँक क्रॉफर्ड येऊ शकला नाही, त्याच्या जागी याला उभं केलं आणि त्यातनं 'इनर सिटी ब्लूज' ही त्याच्या नावाची पहिली रेकॉर्ड निघाली. वडिलांना काल 'लोरान्स डान्स' ऐकवलं, ते म्हणाले याचा दम शिस्तीत शिकलेला आहे.

बुरशीचं सांगतो, आपल्या पावसात हे व्हायचंच. डिस्टिल्ड वॉटर घ्या, नळाचं नको, क्षार खाचेत बसतात. अर्ध्या लिटरला भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब, मऊ मायक्रोफायबर, आणि खाचेच्या दिशेनं गोल गोल पुसायचं, आडवं कधीच नाही. लेबल भिजू देऊ नका. नंतर नुसत्या डिस्टिल्ड वॉटरनं परत पुसून उभी वाळवा. आतली जुनी कागदी पिशवी टाकून द्या, बुरशी तिच्यातच राहते. आणि घरात नाट्यसंगीताच्या जुन्या ७८ च्या तबकड्या असतील तर त्यांना स्पिरिट चुकूनही लावू नका, त्या लाखेच्या असतात, स्पिरिटमध्ये लाख विरघळते. आमच्याकडं आत्यानं हौसेनं स्पिरिटनं पुसून दोन तबकड्या कायमच्या घालवल्या, अजून जीव हळहळतो.

कॅम्पातला_श्रोता
सगळ्यांचे मनापासून आभार. शिक्का आहे! बॅटरी तिरकी धरल्यावर दिसला, बारीक पण स्पष्ट. ठिपके बरेचसे गेले, 'द सॅडेस्ट थिंग'च्या सुरुवातीला अजून थोडं चरचरतंय तेवढंच.

ताई, तुम्ही सांगितलंत तसं हेडफोन लावून नुसता डावा हात ऐकत बसलो. पहिल्या वेळी काहीच कळलं नाही. तिसऱ्या वेळी एकदम दिसायला लागला, म्हणजे ऐकूच आला पण दिसल्यासारखा, आणि आता तो ऐकू येत नाही असं होतच नाही. रविवारी सकाळी रेकॉर्ड घेऊन शहापूरला येऊ का? माझ्याकडचा स्पीकर लहान आहे, तुमच्याकडं मोठे असतील तर निपाणीच्या दादांनाही बोलवू, हलगी घेऊनच या म्हणावं.

निपाणीचा_हलगीवाला
येतोय. सातची एसटी पकडतो.