ट्रस्ट हॉस्पिटलचा जुना डेटा ओमॉपमध्ये न्यायचा आहे, मॅपिंग कुठून सुरू करावं?

नोंदवही
नमस्कार मंडळी. एका ट्रस्ट हॉस्पिटलचा २०१६ पासूनचा डेटा ओमॉप सीडीएम ५.४ मध्ये (वेगवेगळ्या हॉस्पिटलांचा डेटा एकाच साच्यात ठेवायचं मॉडेल) आणायचा आहे, म्हणजे आपले कोड आणि नावं त्याच्या ठरलेल्या कोडशी जुळवायची (मॅपिंग). मायएसक्यूएलमध्ये नोंदणी, ओपीडी, आयपीडी, लॅब आणि फार्मसी अशी पाच मुख्य टेबलं आहेत. व्हाइट रॅबिट या टेबलं तपासणाऱ्या साधनानं स्कॅन करून झालंय. निदानं काही आयसीडी-१० मध्ये (आजारांचे आंतरराष्ट्रीय कोड), काही नुसती टाइप केलेली. तक्रारी मराठीत, त्यातल्या जुन्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये. औषधं सगळी ब्रँडच्या नावानं. प्लेटलेट कुठं १.५, कुठं १५००००. बहुतेकांची जन्मतारीख नाही, फक्त वय आहे. केसपेपर नंबर दरवेळी नवा. युसॅगीत (जुळणारे कोड सुचवणारं साधन) सगळं एकदम टाकून वरच्या गुणांच्या जुळण्या सरसकट मंजूर केल्या तर चालेल का?

कोडकारकून
सरसकट मंजुरी अजिबात नको. युसॅगी शब्दांचं साम्य बघतं, अर्थ नाही. तुमच्या लॅबच्या यादीतलं 'टीएलसी' त्याला कळणार नाही. ते फुप्फुसांची क्षमता सुचवू शकतं, आणि तुम्हाला हवी असते पांढऱ्या पेशींची मोजणी. एसजीपीटी, एसजीओटी ही लॉइंकमध्ये (लॅब चाचण्यांचे मानक कोड) मुख्य नावं नाहीत, तिथे अलानिन आणि अस्पार्टेट अमिनोट्रान्सफरेज आहेत. म्हणून आधी स्थानिक नावांची पूर्ण इंग्रजी नावं लिहिलेला एक स्तंभ तयार करा आणि तो युसॅगीला द्या. प्रत्येक नाव किती वेळा आलं तो आकडाही सोबत द्या आणि त्यानुसार उतरता क्रम लावा. वरची थोडी नावंच बहुतेक ओळी व्यापतात. ती दोघांनी स्वतंत्रपणे तपासावीत, त्यातला एक डॉक्टर हवाच.

निदानांत एक खड्डा हमखास लागतो. अथेना या संकेतस्थळावरून शब्दसंग्रह (कोडच्या याद्या) उतरवताना जागतिक आरोग्य संघटनेचा आयसीडी-१० घ्या, अमेरिकेचा आयसीडी-१०-सीएम नव्हे. दोन्ही दिसायला सारखे आहेत, पण डेंग्यू बघा. संघटनेच्या २०१६ च्या आवृत्तीत ए९७ हा कोड आला, त्याआधी ए९० आणि ए९१ होते. सीएममध्ये ए९७ नाहीच. चुकीचा संग्रह घेतला तर ए९७ लिहिलेले पावसाळ्यातले सगळे डेंग्यू शून्य कन्सेप्टवर जातात (कन्सेप्ट म्हणजे ओमॉपमधला ठरलेल्या अर्थाचा क्रमांक, शून्य म्हणजे जुळलंच नाही), आणि एरर कुठेच येत नाही.

कोड जुळला तरी ओळ कोणत्या टेबलात जाणार हे कन्सेप्टच्या डोमेननं (तो निदान, औषध, मोजमाप यातल्या कोणत्या प्रकारचा) ठरतं, तुमच्या मूळ टेबलानं नाही. निदानाच्या यादीतला झेड८० म्हणजे कर्करोगाचा कौटुंबिक इतिहास. तो ऑब्झर्वेशनमध्ये (इतर नोंदींचं टेबल) जायला हवा. कंडिशनमध्ये (आजारांचं टेबल) टाकलात तर निरोगी माणूस कर्करोगाचा रुग्ण ठरेल.

मराठी तक्रारींसाठी आधी फॉन्ट युनिकोडमध्ये बदला, मग प्रत्येक ओळ नव्हे तर एकमेव शब्दप्रयोगांची यादी भाषांतरित करा. इथे मराठी नीट जाणणारा माणूस लागतो. 'कणकण' म्हणजे ताप नव्हे. 'कावीळ' हे लक्षण आहे, त्याचं हिपॅटायटिस करू नका. 'चक्कर' म्हणजे नुसती भोवळ की गरगरणं, हे नोंदीवरून कळत नसेल तर व्यापक कन्सेप्ट घ्या. 'शुगर आहे' हा पूर्वेतिहास, 'शुगर वाढली' ही आजची तक्रार.

लॅबरिपोर्ट
प्लेटलेटबद्दल. एक लाख पन्नास हजार म्हणजे १.५ लाख प्रति घन मिमी, म्हणजेच १५० हजार प्रति मायक्रोलिटर. सगळं या शेवटच्या एककात आणा. त्याचा युनिट कन्सेप्ट ८८४८. पण 'आकडा २० पेक्षा लहान असेल तर लाख धरा' असा नियम लावू नका. डेंग्यूतल्या रुग्णाचं ८ हे ८ हजार असू शकतं, तुम्ही ते ८ लाख करून बसाल. ज्यांचा आकडा खरोखर पडलाय नेमके तेच रुग्ण चुकतात. त्याऐवजी मशीन कधी बदललं आणि रिपोर्टचा साचा कधी बदलला त्या तारखा लॅबकडून घ्या. प्रत्येक कालखंडाला एकच गुणक लावा आणि कालखंडाचा आलेख काढून बघा. दोन ढीग दिसले तर त्या कालखंडात अजून काहीतरी मिसळलंय.

दुसरं, 'ब्लड युरिया'. आपल्या लॅब सहसा युरिया मोजतात, अमेरिकेत युरिया नायट्रोजन. लॉइंकमध्ये युरियाला ३०९१-६ आणि युरिया नायट्रोजनला ३०९४-० आहे. दोघांचं एकक मिग्रॅ प्रति डेसिलिटरच, त्यामुळे एकक तपासून चूक सापडत नाही. युरिया हा युरिया नायट्रोजनच्या २.१४ पट असतो. ४० युरिया म्हणजे साधारण १८.७ नायट्रोजन. कोड चुकला तर धडधाकट माणसाची किडनी बिघडलेली दिसेल.

साखरेच्याही तीन चाचण्या वेगळ्या ठेवा. उपाशीपोटी १५५८-६, जेवणानंतर दोन तासांनी १५२१-४, रँडम २३४५-७. 'शुगर' एवढंच लिहिलं असेल तर रँडम धरा, अंदाजानं उपाशीपोटी करू नका. डेंग्यू एनएस१ सारख्या चाचण्यांचं पॉझिटिव्ह किंवा निगेटिव्ह आकड्याच्या स्तंभात न कोंबता व्हॅल्यू अ‍ॅज कन्सेप्ट या स्तंभात द्या, पॉझिटिव्हला ९१९१ आणि निगेटिव्हला ९१८९.

औषधपेढी
औषधांचा मानक संग्रह आरएक्सनॉर्म. तो अमेरिकेचा, त्यामुळे नावं तिथली. पॅरासिटामॉल तिथे असिटअमिनोफेन (कन्सेप्ट आयडी ११२५३१५), साल्ब्युटामॉल अल्ब्युटेरॉल, रिफाम्पिसिन रिफाम्पिन, ग्लिबेनक्लामाइड ग्लायब्युराइड, अ‍ॅड्रेनलिन एपिनेफ्रिन. हा छोटा तक्ता आधी बनवला तर अर्धं डोकं शांत होईल.

ब्रँडपासून थेट कन्सेप्टवर उडी मारू नका. ब्रँड, मग घटक व मात्रा व प्रकार, मग कन्सेप्ट असे तीन टप्पे ठेवा. पहिल्या टप्प्यासाठी पुण्याच्या सी-डॅकमधल्या एनआरसीईएस या आरोग्य-डेटा मानकांच्या केंद्राची भारतीय औषध संकेतावली उपयोगी पडते. जोडऔषध आरएक्सनॉर्ममध्ये नसेल तर आरएक्सनॉर्म एक्स्टेन्शनमध्ये (अमेरिकेबाहेरच्या औषधांची पुरवणी) शोधा. तिथेही नसेल तर प्रत्येक घटकाची वेगळी ओळ करा. ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनच्या एका गोळीच्या मग दोन ओळी होतील, १५९७७५६ आणि १५०३२९७. टीबीची चार औषधांची गोळी ७५, १५०, ४०० आणि २७५ मिग्रॅची असते. तिला 'रिफाम्पिन' एवढ्यावर थांबवू नका, नाहीतर बाकीची तीन औषधं रुग्णानं घेतलीच नाहीत असं दिसेल.

'१-०-१ × ५' म्हणजे १० गोळ्या, आणि ५.४ मध्ये शेवटची तारीख अनिवार्य आहे. सुरुवात अधिक दिवस वजा १ अशी ती काढा. 'एसओएस' (गरज पडल्यास) असेल तर दिवस बनवून लिहू नका, शेवटची तारीख सुरुवातीचीच ठेवा.

नोंदवही
आभार, फार उपयोगाचं आहे. दोन गोष्टी राहिल्या. वय आणि केसपेपर. आणि जे जुळतच नाही ते टाकून द्यायचं का?

कोडकारकून
टाकायचं नाही. कन्सेप्ट आयडी ० द्या आणि मूळ मजकूर सोर्स व्हॅल्यू या स्तंभात जसाच्या तसा ठेवा. स्वतःचे कन्सेप्ट हवेच असतील तर ते २,००,००,००,००० च्या वरचे घ्या. इतर संस्थांबरोबरच्या अभ्यासात ते चालत नाहीत, म्हणून गरजेपुरतेच. अथेनाची नवी आवृत्ती उतरवल्यावर जुन्या जुळण्या पुन्हा तपासा, मानक असलेला कन्सेप्ट अमानक होऊ शकतो.

पर्सन टेबलात जन्मवर्ष लागतंच, महिना आणि दिवस रिकामे चालतात. पहिल्या नोंदणीचं वर्ष वजा वय. वयाच्या स्तंभात महिने आणि दिवसही मिसळलेले असतात, ते नीट वाचा. ६ महिन्यांचं बाळ ६ वर्षांचं व्हायला वेळ लागत नाही.

केसपेपर नंबर म्हणजे व्हिजिट, माणूस नव्हे. माणूस ओळखायला मोबाइल नंबर पुरत नाही, घरभर एकच असतो. नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, गाव, लिंग आणि जन्मवर्षात २ वर्षांची सूट, असं एकत्र बघा. लग्नानंतर आडनाव आणि मधलं नाव दोन्ही बदलतं, त्यामुळे बायकांच्या नोंदी तुटतात आणि त्यांच्याच बाळंतपणाचा आधीचा इतिहास हरवतो. त्यांच्यासाठी वेगळा नियम लिहा. खात्री नसेल तर दोन माणसं वेगळीच राहू द्या. चुकीनं एक केलेली माणसं नंतर सोडवता येत नाहीत.

आणि ऑब्झर्वेशन पीरियड हे टेबल भरायला विसरू नका. प्रत्येक व्यक्तीची पहिल्या भेटीपासून शेवटच्या भेटीपर्यंत किमान एक ओळ हवी. ते टेबल रिकामं असेल तर अ‍ॅटलास या विश्लेषणाच्या साधनातला रुग्णांचा प्रत्येक गट शून्य येतो आणि माणूस आठवडाभर मॅपिंगमध्ये चूक शोधत बसतो. सगळं भरल्यावर डेटा क्वालिटी डॅशबोर्ड चालवा. पुरुषांची गर्भारपणाची निदानं, जन्माआधीच्या भेटी अशा गोष्टी तो लगेच दाखवतो.